उघड्या गाडीची चौकट घट्ट करण्याबाबत

एखादी वस्तू पुरेशी मजबूत झाली की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ती वापरणाऱ्याकडे असू नये. वापरणारा फार लवकर समाधान मानतो, आणि समाधानी माणसांच्या भरवशावर आजवर एकही सरकारी खातं चाललेलं नाही.

वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या काकांना हे पाठ होतं. बत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि 'जवळपास' हा शब्द एकदाही ऐकून घेतला नाही. गल्लीत त्यांना 'सूतभर' म्हणत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, काकांच्या मते हे माप अवाढव्य आहे).

काकांकडे एक गाडी होती. वयाने त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी, वर कापडी टप, चार जणांची जागा. अशा गाडीला डोक्यावर पत्रा नसतो, त्यामुळे सगळा भार खालच्या चौकटीला, म्हणजे चॅसीला, सोसावा लागतो. चॅसी शिडीसारखी: दोन लांब पट्ट्या, मध्ये आडव्या चार. म्हातारपणी ही शिडी पिळवटू लागली. एक चाक फुटपाथवर चढलं की एका बाजूचं दार अडकायचं. त्या बाजूला काकू बसत.

एकदा बँकेसमोर काकू चाळीस मिनिटं आत अडकल्या. तेवढ्यात त्यांनी पर्समधल्या जुन्या पावत्या फाडून टाकल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या दोन अनोळखी बायकांशी ओळख वाढवली. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "अहो, अठरा तारखेच्या आत तेवढं हे दार उघडेल असं करा."

अठरा तारखेला काकूंची थोरली बहीण कायमची मुलाकडे राहायला निघणार होती. दोन दिवसांचा प्रवास, आणि परत यायचं वय राहिलेलं नाही. या गाडीच्या मागच्या बाकावर दोघी बहिणींनी चाळीस वर्षं शेजारी बसून भांडणं केली होती. तिला याच गाडीतून स्टेशनवर सोडायचं, हे काकूंनी वर्षभर आधी ठरवलं होतं. सकाळी नऊ चाळीसची ट्रेन.

काका कामाला लागले. कामाची वही पुढीलप्रमाणे.

काम पहिलं. पूर्वस्थिती: पुढचं एक चाक जॅकवर उचललं असता दाराची फट पाच मिलिमीटरने मिटते. उपाय: चॅसीच्या पन्हळीसारख्या उघड्या पट्टीला आतून पत्र्याचं झाकण वेल्ड करून तिची बंद पेटी करणे. फरक आता सव्वा मिलिमीटर. वापरणाऱ्याचा अभिप्राय: काकूंनी दार तीनदा उघडलं, तीनदा लावलं आणि "झालं की" म्हणाल्या. (ग्राह्य धरला नाही. त्यांच्याकडे फट मोजायची पाती नव्हती.)

काम दुसरं. दोन पट्ट्यांमध्ये कात्रीच्या आकाराचा जोड. त्यासाठी मागचं बाक तात्पुरतं काढलं. ('तात्पुरतं' म्हणजे किती, याची व्याख्या खात्यातही नव्हती.) फरक पाऊण मिलिमीटर. अभिप्राय: मग मी ताईच्या मांडीवर बसायचं का, असं विचारण्यात आलं. ताईच्या गुडघ्यांची भारवाहन क्षमता उपलब्ध नसल्याने उत्तर देता आलं नाही.

काम तिसरं. (या पानावर ठिणगी पडली. वाचता येतं ते एवढंच: 'काकूंची सीट', 'लोखंडी नळी' आणि 'नाइलाज'.)

काम चौथं. अजून पाव मिलिमीटर शिल्लक. इथे काकांनी दोन दिवस विचार केला. चौकटीत सर्वांत कमकुवत जागा कोणती? जिथे काही नाही ती. गाडीत काही नसलेली सर्वांत मोठी जागा कोणती? दाराची पोकळी. ती भरून काढायला काय लागेल? दार. आणि ते तर आधीपासून तिथेच होतं, फक्त सुटं होतं.

वेल्डरने चष्मा कपाळावर चढवला. "काका, चारी बाजूंनी वेल्ड मारला तर ते उघडणार कसं?"

"उघडणार नाही," काका म्हणाले. "पण अडकणारही नाही."

वेल्डरने चष्मा परत डोळ्यांवर ओढला. एकच दार पक्कं केलं तर चौकट दुसरीकडे ओढली जाते, म्हणून दुसरंही केलं. मग जॅक लावून मोजलं. फटच उरली नव्हती, त्यामुळे फटीत फरक पडायचा प्रश्न नव्हता. काकांनी वहीत शून्य लिहिलं आणि ते पुरेसं गोल वाटेना म्हणून पुन्हा नीट काढलं.

गल्लीतल्या अकरा जणांचं मत घेतलं. नऊ जण म्हणाले, गाडी खणखणीत झाली. एकाने आत बसून बघू का विचारलं (मत बाद). काकूंची मैत्रीण काही बोलली नाही. तिची नोंद 'सहमत' अशी केली.

अठरा तारखेला सकाळी आठ वाजता काकू इस्त्रीची साडी नेसून गाडीपाशी आल्या. दाराच्या जोडावरून त्यांनी बोट फिरवलं. मग आत पाहिलं. आत एक सीट होती, काकांची, आणि बाकी लोखंड.

"आता एक केसभरही हलत नाही," काका म्हणाले.

"दिसतंय," काकू म्हणाल्या. "मी आणि ताई टॅक्सीने जातो. तुम्ही गाडीला घेऊन या."

काका टॅक्सीच्या मागे निघाले. पुढच्या काचेतून त्यांना दोघींची डोकी दिसत होती. एका गतिरोधकावर टॅक्सी अशी करकरली की ती डोकी एकमेकांवर आपटली, आणि मग बराच वेळ दोघी हसत राहिल्या. त्याच गतिरोधकावर काकांच्या गाडीत काहीही हललं नाही.

स्टेशनवर काकांना दारावरून पाय टाकून उतरायचं होतं. पहिला पाय बाहेर यायला चार मिनिटं लागली. दुसऱ्याची नोंद नाही. प्लॅटफॉर्मवर ते पोचले तेव्हा नऊ त्रेचाळीस झाले होते आणि काकू एकट्याच रुळांकडे पाहत उभ्या होत्या.

"ताई विचारत होती, ते कुठे राहिले," त्या म्हणाल्या.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, मजबूत करतायत."

टीप: इथवर हसत आलेल्या वाचकांसाठी खाली एक ओळ कोरी सोडली आहे. सध्या आपण कोणासाठी तरी घर, नोकरी, बचत किंवा स्वतःचा स्वभाव पक्का करण्याच्या कामात असालच. ती व्यक्ती आपल्या शेजारी शेवटची निवांत कधी बसली होती, ती तारीख लिहावी. आठवत नसल्यास ओळ कोरीच ठेवावी. काम उत्तम चाललं आहे, असं समजलं जाईल.

तारीख: ..............