सुभेदारांची दाबाची पेटी

घरी पाहुणा आला की लोक आधी पाणी विचारतात. सुभेदार मोहिते आधी काटा बघायचे.

सत्तरच्या दशकात मी इस्लामपूरच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो, तेव्हा ते माझे शेजारी. पलटणीतून निवृत्त होताना त्यांनी रेकॉर्डप्लेअर आणला होता. त्याच्या शेजारी एक अवजड लोखंडी पेटी असे, स्टॅबिलायझर. तिच्यावर विजेचा दाब दाखवणारा काटा होता. तो दोनशेवीसवर ठाम उभा राहिल्याखेरीज तबकडी फिरत नसे.

"दोनशेवीसच्या खाली गाणं न्हाई," हा त्यांचा कायदा.

उसाच्या रानातल्या मोटारी सुरू झाल्या की गावातले दिवे मलूल व्हायचे, बंद झाल्या की भगभगायचे. सुभेदार त्याला शत्रूची हालचाल म्हणत. एकदा त्यांचा साडू तासगावहून बेदाणे घेऊन खास गाणी ऐकायला आला. त्याला दोन तास काट्यापुढं बसवलं आणि एकही गाणं न ऐकवता एसटीत बसवून दिलं. सुभेदारांचं सगळं बोलणं वरच्या पट्टीत. पलटणीची सवय, असं आम्ही धरून चाललो होतो.

पेटीमुळं यंत्र जळत नाही, हे मलाही मान्य होतं. पण त्यांचं म्हणणं, पेटीतून वीज गाळून येते आणि गाणं गोड होतं. "थेट विजेचं गाणं म्हंजी न गाळलेला चा, मास्तर." माझ्यातल्या शास्त्रशिक्षकाला हे सोसेना.

एका रविवारी ते चष्मा आणायला आत गेले, तेव्हा मी रेकॉर्डप्लेअरचा प्लग पेटीतून काढून सरळ भिंतीत खोचला. गाणं लागलं. आवाज कसा गाळीव येतोय बघा, असं सुभेदार कौतुकानं सांगू लागले. मी हसत हसत वायर दाखवली. ते चिडले नाहीत. त्यांनी प्लग परत पेटीत लावला आणि त्या दिवशी पुन्हा गाणं लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी, काकी, माझ्या दाराशी आल्या.

"मास्तर, ह्यांचं कान तोफंनं गेल्यात," त्या म्हणाल्या. "माणसाचं बोलणं ओठ बगून कळतं. गाण्यातलं कायबी कळत न्हाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नवरा सीमेवर असताना त्यांच्या सोबतीला एक रेडिओ होता. दाब वाढून तो जळाला, तेव्हा सुट्टीवर आलेल्या सुभेदारांनी त्यांना रडताना पाहिलं होतं. पेटी तेव्हाची. रेकॉर्डप्लेअरही काकींसाठीच आणलेला. आपल्याला ऐकू येत नाही हे कळलं तर ही एकटी गाणी ऐकायची नाही, म्हणून त्यांनी ते बायकोपासूनही लपवलं होतं.

"मला ठावं हाय, हे त्यास्नी ठावं न्हाई," काकी म्हणाल्या. "तुमी बी बोलू नगा."

संध्याकाळी मी जाऊन कबूल केलं की चूक माझीच, नीट ऐकलं की पेटीचा फरक कळतो. शास्त्राशी मी केलेली तेवढी एकच बेइमानी. सुभेदार खुलले. लगेच तबकडी लावून ते काकींसमोर बसले. काकींची मान जशी डोले, तसा त्यांचा हात गुडघ्यावर ताल धरी.

गाणं संपलं. सुई नुसती खरखरत राहिली. सुभेदार मात्र रंगात येऊन ताल देतच होते. काकींनी एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि मान डोलावणं थांबवलं नाही.