अपिसाईचं पुस्तक आणि चव्वेचाळीस तिकिटं

"वीस वर्षांत या पुस्तकाला माझ्याखेरीज कुणाचा हात लागलेला नाही, आणि लागणारही नाही!" असं अपिसाईने सोमवारी सगळ्या कचेरीसमोर ठणकावून सांगितलं. फिजीतल्या सुवा बंदराच्या धक्क्यावरच्या बोट कंपनीचा तो प्रोग्रामर. तिकिटं छापणाऱ्या म्हाताऱ्या मशीनच्या पोटात काय चालतं, हे दोघांनाच ठाऊक होतं: अपिसाईला आणि त्याच्या टेबलावरच्या त्या अकराशे पानी, विटेएवढ्या जाड पुस्तकाला. त्यातही पुस्तकाला जरा जास्तच!

मंगळवारी त्याची वासेमाका आत्या कचेरीत आली. तिने पुस्तक उचललं, हातात तोलून बघितलं आणि म्हणाली, "केरेकेरे, आपी! विणलेल्या चटया दाबून सपाट करायला हे अगदी छान आहे."

संपलं! केरेकेरे म्हणून घरच्या किंवा ओळखीच्या माणसाने मागितलं, की द्यायचं. नाही म्हणणारा माणूस फिजीत अजून जन्मायचाय, आणि जन्मलाच तर आत्या त्याला सुखाने जगू देणार नाही. अपिसाईने पुस्तक दिलं, वर पिशवीही दिली.

शुक्रवारी कंपनीची नवी मोठी बोट पहिल्यांदाच निघायची होती. दुपारी दोनला, कंदावू बेटावर. अपिसाईने सकाळी मशीनमध्ये तिच्या तीनशे जागा भरल्या आणि ऐटीत चहा मागवला. अकराला तिकीटखिडकी उघडली. चव्वेचाळीस तिकिटं झरझर निघाली, आणि मशीन अडून बसलं. बोट भरली, म्हणे!

"भरली?" मॅनेजर नायकरबाई किंचाळल्या. "अहो, वरचा अख्खा मजला रिकामा आहे! फुटबॉल खेळा हवं तर!"

खाली धक्क्यावर दोनशे माणसं उभी. त्यातली साठ चर्चच्या गायनमंडळाची, कंदावूच्या स्पर्धेला निघालेली. कॅप्टनचं एकच पालुपद, छापील यादीत नाव नसेल त्याला बोटीवर पाय ठेवू देणार नाही.

शेजारच्या टेबलावरच्या विमलेशने फोन काढून त्यावर लोकांचे सल्ले शोधले. "दादा, हा म्हणतो मशीन बंद करून चालू करा."

"केलं."

"हा म्हणतो वायर बदला. आणि हा म्हणतो मशीनच बदला!"

"अरे, फोनमधल्या त्या माणसांच्या जन्माआधीचं मशीन आहे हे! त्यांना काय कळतंय?"

"मग तुमचं ते हात न लागलेलं पुस्तक काढा ना!" नायकरबाई म्हणाल्या.

अपिसाईच्या तोंडचं पाणी पळालं. "घरी... जपून ठेवलंय, बाई."

"आत्ता आणा. दीडपर्यंत मशीन चाललं नाही, तर बोट रद्द. आणि सोमवारपासून तुमच्या टेबलावर दुसरा माणूस!"

अपिसाई जो सुटला, तो थेट आत्याच्या दारात.

"पुस्तक? ते पाद्रीबाबांनी मागून नेलं," आत्या म्हणाली. "उपाशी तोंडाने जाऊ नकोस हो. बस, जेव."

"आत्या, माझी नोकरी—"

"नोकरी कुठे पळतेय? मासा गार होईल!"

दोन ताटं उकडलेला कसाव्याचा कंद आणि मासा पोटात ढकलून तो चर्चमध्ये पोचला.

"त्याच्यावर उभं राहून परवाचं प्रवचन दिलं मी," बुटके पाद्रीबाबा हळहळले. "शेवटच्या बाकापर्यंत दिसलो, बाळा! पण काल तुझ्या मेव्हण्याने मागितलं, इसेईने. आता आलाच आहेस, तर एक छोटीशी प्रार्थना करू."

त्या छोट्याशा प्रार्थनेत फिजीतल्या निम्म्या बेटांची नावं येऊन गेली. अपिसाई मात्र मनात एकच मागत होता.

मासळीबाजारात इसेई बर्फाच्या पेटीमागे बसला होता. पेटीच्या झाकणावर पुस्तक!

"या, यंत्रांचे डॉक्टर! आज रोगी सोडून इकडे कुठे?"

"इसेई, केरेकेरे. ते पुस्तक दे."

"घे की! तुला नाही म्हणेन होय?" इसेईने खाली नजर टाकली. "चपला मात्र झकास आहेत हं, मेव्हणे. केरेकेरे!"

सव्वा वाजता अपिसाई कचेरीत शिरला तो अनवाणी, घामाघूम, आणि छातीशी धरलेल्या पुस्तकाला बांगड्याचा घमघमाट! पानं चिकटली होती. त्याने ती एकेक सोडवली. सहाशे बारावं पान. तिथे लिहिलं होतं, की या मशीनच्या एका खणात दोनशे पंचावन्नच्या वरचा आकडा मावत नाही, पुढे ते पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं.

म्हणजे तीनशे भरले, शून्य धरून दोनशे छप्पन्न गेले, उरले चव्वेचाळीस! अपिसाईला नाचावंसं वाटलं. पुस्तकातच उपाय होता: दोन खण जोडा. त्याने जोडले. मशीन खोकलं, थरथरलं आणि तिकिटं ओकायला लागलं!

धक्क्यावर गायनमंडळाने आनंदाने तिथेच सूर लावला. नायकरबाईंनी सगळ्यांदेखत अपिसाईची पाठ थोपटली.

"फोनने हात टेकले, पण पुस्तकाने लाज राखली! काय हो, बिघडलं काय होतं?"

"फार खोल बिघाड होता, बाई," अपिसाई छाती फुगवून म्हणाला. "वीस वर्षांत एखाद्याच वेळी होतो."

बोलता बोलता त्याने पानावर अंगठा ठेवला, कारण उपायाखाली आणखी एक ओळ होती. पण ओळ लांब होती आणि अंगठा आखूड. विमलेशने वाकून वाचलं: 'ही चूक सहसा शिकाऊ लोक पहिल्या आठवड्यात करतात.'

विमलेशने बाईंकडे एकदा बघितलं, मग अपिसाईच्या कानाशी लागून अगदी गोड आवाजात म्हणाला, "दादा, केरेकेरे. तुमची ती पंख्याखालची खुर्ची."

दोन वाजता बोट भोंगा वाजवत सुटली, तेव्हा अपिसाई दाराजवळच्या डुगडुगत्या स्टुलावर बसला होता. पुस्तक मांडीवर होतं, आणि अंगठा अजून त्या ओळीवरून निघाला नव्हता.