मानाच्या जागेवर दोन व्याही

एर्मेकच्या गळ्यात आजोबांचा जुना कॅमेरा होता, रिळात शेवटचे दोन फोटो उरले होते आणि घरात मानाची जागा एकच होती.

"बाळाचा पहिला फोटो आहे, नीट काढ हं," बायकोनं, नुरझाननं, पुन्हा एकदा बजावलं.

बाळाला पाळण्यात घालायचा दिवस. दारासमोरच्या भिंतीशी मांडलेल्या मानाच्या गादीवर बाळाला मांडीवर घेऊन कोणी बसायचं, यावरून एर्मेकचे वडील सागिनबाय आणि सासरे जुमादिल यांची सकाळपासून जुंपली होती.

"घर माझं, नातू माझा," सागिनबाय म्हणाले.

"आणि मी कोण? तुमच्या या नारिन गावात पाहुण्याला दाराशी बसवतात होय, व्याही?"

शेवटी दोघांचे वेगवेगळे फोटो काढायचं ठरलं. आधी वडील बाळाला घेऊन बसले. हा कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून, वरून आत बघावं लागे. त्यात डावं उजवीकडे दिसे, उजवं डावीकडे. "बाबा, जरा डावीकडे सरका... नाही नाही, उजवीकडे," करता करता एर्मेक बराच वेळ वाकून राहिला.

"पोराला वळण आहे हो! बघा, बापापुढं किती वाकलाय," सागिनबाय खूश झाले.

झालं! जुमादिलनी बाळाला उचललं आणि गादीवर ठाण मांडलं. "हं जावईबापू, आता आमच्यापुढं किती वाकता ते बघू."

एर्मेक वाकला तो वाकलाच. मान पार अवघडून गेली, तेव्हा कुठं सासऱ्यांनी होकार दिला. या मानपानात मधे रीळ पुढे फिरवायचं मात्र राहून गेलं.

न्हाणीघरातल्या अंधारात त्यानं फोटो धुतला आणि बघतो तर काय, दोन्ही फोटो एकावर एक उमटलेले. एकाच गादीवर दोघं म्हातारे, एकमेकांच्या आरपार! दोघांच्या टोप्याही एकीत एक शिरलेल्या. आता दोघं मिळून घर डोक्यावर घेणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

सागिनबायनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "वा! व्याही चक्क माझ्या मांडीवर बसलेत."

"चष्मा पुसा. तुम्ही माझ्या मांडीवर बसलायत," जुमादिल म्हणाले.

दोघांनीही आपापल्या भिंतीसाठी एकेक प्रत मागितली आणि समाधानानं चहा प्यायला बसले.

मग नुरझाननं फोटो हातात घेतला. ताठ बसलेले म्हातारे चांगले ओळखू येत होते. हातपाय झाडणाऱ्या बाळाच्या जागी मात्र नुसता पांढरा डाग होता.

"आणि माझं बाळ कुठाय?"

एर्मेकनं मान खाली घातली. या वेळी गळ्यात कॅमेरा नव्हता.