नोकरी मागणारं भूत

"दोन महिने! फक्त दोन महिने द्या मला, वामनराव! सातवीची पोरं डोळे मिटून टाईप करतील. डोळे मिटून!"

असं म्हणून नागनाथ मास्तरांनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर मूठ आपटली. वामनरावांनी आधी टेबल सावरलं, कारण त्याचा चौथा पाय विटांचा होता. मग शांतपणे विचारलं, "पन मास्तर, आपल्या शाळेत मशीन कुठं हाय?"

"येईल! शाळांना कॉम्प्युटर मिळणार आहेत. बैठकीत ऐकलंय मी!"

साल होतं सत्त्याण्णव. आंध्रातल्या बाजारहत्नूरच्या पुढं, जिथं डांबरी रस्ता कंटाळून संपतो, तिथलं जांबगाव. तिथल्या मराठी शाळेत नागनाथ मास्तर नवीनच आले होते. आदिलाबादला टायपिंगच्या दोन परीक्षा पास, शर्ट कायम इस्त्रीचा, आणि छातीत एकच ध्यास: आपली पोरं कॉम्प्युटर येण्याआधीच तयार पाहिजेत!

मशीन नाही तर नाही. मास्तरांनी अमृतरावांच्या दुकानातून साबणाची खोकी आणली, पुठ्ठे कापले आणि प्रत्येकावर शाईनं इंग्रजी अक्षरं काढून दिली. हाच की-बोर्ड! वर्गात घोष सुरू झाला, "ए, एस, डी, एफ! सेमीकोलन, एल, के, जे!" बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत कसलातरी यज्ञ चाललाय.

शुक्रवारी नोकरीचा तास. साहेबासमोर ताठ बसायचं. नजर भिडवायची. मंद हसायचं. विचारलं तेवढंच, पण ठणठणीत सांगायचं. दारात थांबून म्हणायचं, "मे आय कम इन सर?"

"आणि सराव कधी करायचा?" मास्तर विचारत.

"सदानकदा!" वर्ग गर्जत असे.

"पुठ्ठा नसला तरी बोटं चालली पाहिजेत! जेवताना, झोपताना, म्हशीमागं जाताना! डोळे मिटून!"

मास्तरांचं दुर्दैव असं, की पोरं भलतीच आज्ञाधारक निघाली.

आठवड्याभरात गावात चमत्कारिक प्रकार दिसू लागले. कुणाचा पोरगा स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यावर थांबून आईला "सर" म्हणू लागला. कुणी जेवता जेवता डोळे मिटून भाकरीवर दहाही बोटं नाचवू लागलं. म्हशी राखणारी दोघं म्हशीच्या पाठीवरच सराव करत होती, आणि म्हैसही बिचारी गुदगुल्या सोसत उभी! पण सर्वांत भारी होतं ते हसणं. मोठ्यांनी काही विचारलं की सातवीची पोरं ताठ बसत, टक लावून बघत आणि मंद हसत. अंगावर काटा यायचा हो!

महिपतची रेणुका तर वर्गात पहिली. एका संध्याकाळी ती आजीचे, जयवंताबाईंचे, पाय दाबत बसली होती. दाबता दाबता पोरीचे डोळे मिटले, बोटं पोटऱ्यांवर टकाटक उडायला लागली आणि तोंडानं सुरू झालं, "सेमीकोलन... सेमीकोलन..."

"माय वो!" जयवंताबाई ताडकन उठल्या. "महिपत! अरे महिपत! पोट्टी कोन्या सेमीले बलावून राह्यली! सेमी नावाची कोनी बाई मेली होती काय रे गावात?"

झालं! सकाळपर्यंत गावाला तीन सेम्या आठवल्या. एक विहिरीत पडलेली, एक सापानं डसलेली, आणि तिसरी नेरडीगोंड्याची, जी अजून जिवंत होती, पण कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. दुपारी फकिरा भगताला बोलावणं गेलं. फकिरा म्हणजे उतारा करण्यात पंचक्रोशीत पहिला नंबर. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, खांद्यावर झोळी, हातात कडुलिंबाचा डहाळा. मारुतीच्या पारापुढं सगळं गाव जमलं. रेणुकाला मधोमध बसवलं. फकिरानं राख उडवली आणि दरडावून विचारलं, "बोल! नाव काय तुयं?"

रेणुकानं पाहिलं, समोर मोठा माणूस, प्रश्न विचारतोय, भोवती मंडळी. तिला वाटलं, सरांनी सांगितलेली मुलाखत ती हीच! ती ताठ बसली. नजर भिडवली. मंद हसली.

"माय नेम इज कुमारी रेणुका!"

गर्दी दोन पावलं मागं सरली.

"कुठून आली?" फकिराचा आवाज जरा खाली आला.

"आय कम फ्रॉम जांबगाव, सर!"

"काय पायजेल तुले? कोंबडं? नारळ? लुगडं?"

"नोकरी!" रेणुका ठणठणीत म्हणाली.

फकिराच्या हातातला डहाळा गळून पडला. तीस वर्षांच्या धंद्यात कोंबडं मागणारी भुतं त्यानं पाहिली होती, दारू मागणारी पाहिली होती. पण नोकरी!

"क-कोनती नोकरी?"

"सरकारी!"

"बाप्पा!" फकिरा घाम पुसत महिपतकडे वळला. "हे काई आपल्याच्यानं होत नाई, पाटील. याले आमदारच लागते."

तेवढ्यात नागनाथ मास्तर धापा टाकत पोचले. "थांबा! भूत नाही, बीत नाही! हे टायपिंग आहे! मी करून दाखवतो!" आणि त्यांनी सर्वांसमोर डोळे मिटले, हात हवेत धरले, दहा बोटं नाचवायला सुरुवात केली. डोळे उघडले तेव्हा समोर कुणी नव्हतं. सगळं गाव पाराच्या मागं लपलेलं, आणि फकिरा लांबूनच त्यांच्यावर राख फेकत होता!

"मूळ इथंच हाय!" जयवंताबाई ओरडल्या. "मास्तरलेच लागलं हाय आंधी!"

दुसऱ्या दिवशी सातवीचा वर्ग रिकामा. साबणाचे पुठ्ठे तेवढे ओळीनं पडलेले. महिपत शाळेत येऊन बजावून गेला, "आमची पोट्टी आता शाळेत येनार नाई. कापूस येचीन, घरी राहीन." त्याच्या पाठीमागून आलेली रेणुका खिडकीशी हळूच म्हणाली, "सर, माही बोटं तं आता आपोआप चालतात. थांबवू कशी?" मास्तरांच्या मनात आलं, इतकी चांगली पोरगी! आपल्या उत्साहापायी तिची शाळा बुडणार?

"महिपतराव, मी खरं मशीन आणतो!" मास्तर ओरडले. "सगळ्यांसमोर दाखवतो. नाही पटलं तर मीच गाव सोडतो!"

बाजारहत्नूरच्या मंडल ऑफिसातल्या, म्हणजे तिकडच्या तहसील कचेरीतल्या, कारकुनाचे पाय धरणंच काय ते बाकी ठेवलं मास्तरांनी. शेवटी तो पान चघळत म्हणाला, "ले जाव मास्टर. शाम तक वापस लाव." झाकणात बंद, मणभर वजनाचं ते टायपिंगचं मशीन छातीशी धरून मास्तर बसनं आले, फाट्यापासून बैलगाडीनं आले, आणि गाव पुन्हा पारापुढं जमलं. मास्तरांनी ऐटीत झाकण काढलं.

आणि पाहतात तर काय! मशीन तेलुगू होतं!

झाकण परत लावायचं म्हटलं, तर सगळं गाव माना उंचावून बघतंय. मास्तरांनी मनाची समजूत घातली: बोटं जागच्या जागी पडली की झालं, वाचतंय कोण? रेणुकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. म्हणाले, "कर सुरू!"

काय वेग हो पोरीचा! ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशा कळा वाजल्या. ओळ संपली, घंटी टिंग झाली, गाव थक्क! मास्तरांनी कागद ओढून अभिमानानं वर धरला.

"पाहू, पाहू," म्हणत अमृतराव दुकानदार पुढं आले. निझामाबादच्या तेलुगू व्यापाऱ्यांशी त्यांचा रोजचा व्यवहार. त्यांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे, हे तं तेलुगू हाय!"

"तेलुगू?" महिपत किंचाळला. "पोट्टीले तेलुगूचं एक अक्षर येत नाई!"

"डोये बांधून लिवलं!"

"न शिकता लिवलं! आता तं पक्कंच झालं!"

"काय लिवलं हाय पन?" फकिरानं विचारलं.

"अर्थच लागत नाई," अमृतराव म्हणाले. त्यानं तर कहरच झाला!

मास्तर कपाळाला हात लावून खाली बसले. समजवायला तोंड उघडलं की गाव दोन पावलं मागं जायचं. गावाबाहेर जाणारी शेवटची बस किती वाजता, याचा विचार त्यांच्या मनात सुरू झाला.

पण जयवंताबाई मागं हटल्या नव्हत्या. नातीचा प्रश्न होता! त्या मशीनजवळ आल्या, वाकून पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि एका बोटानं कळ दाबली. खट्‌! "अमृता, काय निंगालं?"

"तेलुगू."

खट्‌! "आता?"

"तेलुगूच!"

"महिपत, तू दाब रे." महिपतनं डोळे मिटून दाबली. तेलुगू!

जयवंताबाईंनी कमरेवर हात ठेवले. "अरे मूर्खाहो! म्या दाबलं तरी तेलुगू, यानं दाबलं तरी तेलुगू! मंग पोट्टीत काय हाय? जे हाय ते या डब्ब्यात हाय!"

गावाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मास्तरांच्या तोंडाशी सगळं शास्त्र आलं होतं. तेवढ्यात त्यांनी रेणुकाकडे पाहिलं. ती हसत होती, आणि ते हसू मुलाखतीतलं नव्हतं. मास्तरांनी शास्त्र गिळलं आणि मान डोलावली. "अगदी बरोबर, आजी. डब्ब्यातच आहे."

"मंग उद्या धाडते पोट्टीले शाळेत," आजी म्हणाल्या.

फकिराला हुरूप आला. इथं नोकरीची मागणी नव्हती, नेहमीचं काम होतं! त्यानं सरकारी मशीनला कुंकू लावलं, राख फुंकली, डहाळ्यानं चार सणसणीत रपाटे घातले आणि लिंबू-मिरची बांधून दिली. ती सोडायची नाही, अशी मास्तरांना शपथ घालून!

संध्याकाळी कारकुनानं झाकण काढलं. लिंबाकडे पाहिलं. मास्तरांकडे पाहिलं. मास्तर नोकरी जाण्याची वाट पाहू लागले. कारकुनानं कागद घालून एक कळ दाबली, पुन्हा दाबली, आणि त्याच्या तोंडातलं पान थांबलं. "ये अक्षर तो दो साल से अटका था! किसने ठीक किया?"

"एक... एक माणूस आहे गावात. फकिरा भगत," मास्तर पुटपुटले आणि तिथून सटकले.

आठवड्यानं शाळेच्या दारात मंडल ऑफिसची जीप थांबली. सातवीचा भरलेला वर्ग आनंदानं ओरडला. कॉम्प्युटर आला! मास्तरांनी केस सारखे केले, शर्टाची घडी नीट केली आणि धावतच बाहेर गेले.

जीप रिकामी होती. शिपाई खाली उतरला, म्हणाला, "मास्तर, ते फकिरा भगत कुठं राह्यतात? आमच्या आफिसात नवा कॉम्प्युटर आलाय, आल्यापासून चालूच नाई झाला. सायबानं दाखवाले बलावलं हाय त्याईले."

"अहो, मी येतो की! मी दोन परीक्षा पास..."

शिपायानं मास्तरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नाई मास्तर," तो म्हणाला, "सायेब म्हनले, जानकार मानूसच आन."