बैल चालता दाखवावा

आमचे शेजारी दामूभाऊ कुणालाही उभ्याने फोटो काढू देत नाहीत. माझ्या मुलाच्या लग्नात नवरा-नवरी स्टेजवर जरा स्थिर झाली, की हे खालून ओरडायचे, "चाला रे, चाला! उभं ऱ्हायलं तर पायाचं काय कळतं?"

फोटोवाला वैतागला. "काकू, हे कोण?"

"बैल विकतात," मी म्हटलं. "मनाला लावून घेऊ नका."

म्हशाच्या गुरांच्या जत्रेतून दामूभाऊंचा बैल कधी न विकता परत आला नाही. हाक मारायची नाही, भाव सांगायचा नाही. गिऱ्हाइकासमोरून बैल सहज पाण्यावर न्यायचा, बस्स. सौदा ठरला की बैल द्यायचा आणि त्याच्या गळ्यातलं दावं सोडून घरी आणायचं, ही आमच्याकडची रीत. त्यांच्या पडवीत अशी दावी खुंटीखुंटीला लटकलेली आहेत.

त्यांची लेक कविता कल्याणला नर्स. तिची आई लवकर गेली, दामूभाऊंनीच वाढवली. पोर रात्रपाळ्या करून जर्मन शिकली, परीक्षा पास झाली आणि जर्मनीतल्या हॉस्पिटलांना अर्ज धाडत बसली. उत्तर कुठूनच येईना.

"दिवाळीपर्यंत बघते काकू, मग नाद सोडते," ती एकदा माझ्या पिठाच्या गिरणीत येऊन म्हणाली. तोंड एवढंसं झालेलं.

दामूभाऊंनी मोबाइलवर तो अर्ज बघितला. "यात तू उभीच हायस गो. फोटू, नाव, मार्क. काम करताना कुठं दिसतेस?"

"बाबा, मी काय बैल नाय."

"बैल असतीस तर कवाच इकली असतीस!"

मी त्यांना चांगलं झापलं. पण मुद्दा मला पटला. पीठ चिमटीत घेऊन बघितल्याशिवाय माझ्याकडची एक बाई डबा उचलत नाही.

मग आमच्या ओटीवर व्हिडिओ काढायचा ठरला. मोबाइल माझ्या हातात, दामूभाऊ पेशंट. जर्मनमध्ये बोलत कविताने त्यांच्या मनगटाला बँडेज बांधायचं, एवढंच काम. दामूभाऊंना तेवढं पुरेना. आधी कण्हले, मग "मेलो गो आई!" म्हणत बाजेवरून अर्धे खाली. कविता हसली नाही की गडबडली नाही. खांदा धरून त्यांना वर घेतलं, जर्मनमधूनच हळू आवाजात दटावलं, बँडेज पुरं केलं. त्यातलं अक्षर न कळता दामूभाऊ गप्प!

"पुन्हा काढू," मी म्हटलं.

"नाय वैनी. बैल एकदाच चालवायचा."

तो व्हिडिओ अर्जांसोबत गेला. दिवाळीच्या आत एका हॉस्पिटलाने मुलाखतीला बोलावलं. पहिलाच प्रश्न, "ते आजोबा आता बरे आहेत ना?"

नोकरी लागली! अख्ख्या गावात पेढे मी वाटले. का नाही वाटणार? व्हिडिओ मी काढला होता.

कविता गेली, त्याच्या पुढच्या आठवड्यात दामूभाऊ नाचणी दळायला आले. मनगटाला बँडेज.

"काय लागलं?"

"काय नाय. निघताना तिच्याकडून बांधून घेतलं."

"मग सोडा की आता. किती मळलंय."

त्यांनी दुसरा हात त्यावर ठेवला.

"दावं आपल्याकडं ठेवायचं असतं, वैनी."

मी गिरणी चालू केली.