गोविंदराव पेशकारांचा शक

पाटोद्याच्या तहसील कचेरीत अर्जी घेऊन आलेल्या माणसाला गोविंदराव पेशकार आधी काम विचारत नसत. नाव विचारत. ते कळलं की चष्मा कपाळावर सारून म्हणत, “हे कुणी ठेवलं? आन् काहून ठेवलं?”

निजामाचा अंमल होता. तहसीलदारांपुढे जाणारा प्रत्येक कागद पेशकारांच्या हातून जाई. त्यामुळे उत्तर देणं भाग असे.

मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो आणि त्यांच्या शेजारीच राहत होतो. नाव म्हणजे आईबापांनी काहीतरी झाकायला घातलेलं पांघरूण, अशी त्यांची पक्की समजूत होती. “नाव ऐकलं. असल सांगा,” म्हणजे खरं काय ते सांगा, हे त्यांचं पालुपद.

धोंडू नावाच्या शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, “तुझ्याआधी किती गेली?”

“दोन, साहेब. तुमाला कुणी सांगितलं?”

“तुझ्या नावानं. पोराला धोंडा म्हणलं की मरण त्याला उचलत न्हाई. वझं वाटतं.”

फकिरा आला की कोणत्या पिराचा नवस, हे विचारत. साधी नावं अशी लवकर सुटत. चांगल्या नावाच्या माणसाचे मात्र हाल होत. धनाजीला घरात धन होतं का विचारलं. नव्हतं म्हणताच दुपारपर्यंत बसवून ठेवलं. मी वामन, आणि उंचीनं दाराच्या चौकटीला लागणारा. रुजू झालो त्या दिवशी गोविंदरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ठेवणाऱ्यानं तुमाला बघितलंच न्हाई,” ते म्हणाले. “मला शक हाय, पाळण्यात दुसरंच कुणी होतं.”

लोकांनी तोड काढली. कचेरीसमोरच्या लिंबाखाली तालीम चाले. “बे, खरं सांगू नको. लई लांबतं. आज्याचं नाव हाय म्हण.” एका बाजाराच्या दिवशी अकरा जणांनी ओळीनं आजोबांचं नाव सांगितलं. बाराव्याला गोविंदरावांनी आजोबा हजर करायला लावले. आजोबा आले. त्यांचं नाव वेगळंच निघालं.

लोकांनाही त्यांचा शक होता. हा माणूस नावांची असल हैदराबादेला कळवतो, असं काहीजण खात्रीनं सांगत. मी त्यांचं टपाल पाहत असे. तसं काही जात नव्हतं.

त्यांच्या पत्नीचं नाव सत्यभामा. लग्नात तबकातल्या तांदळांवर त्यांनी ते अंगठीनं लिहिलं होतं. त्याआधी आठ दिवस विचार केला होता, असं ते सांगत. या एका नावाबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

एका वर्षी चैत्रात बाईंना ताप आला. चौथ्या दिवशी त्यांची शुद्ध हरपली. ओठांना लावलेलं पाणी बाहेर ओघळू लागलं. वैद्य म्हणाले, “आज पाणी पोटात गेलं पाहिजे. न गेल्यास मला बोलावू नका.” गोविंदराव उशाशी बसून “सत्यभामा, ए सत्यभामा” करत राहिले. बाईंनी डोळे उघडले नाहीत. मीही शेजारून येऊन तिथंच बसलो होतो.

दुपारी धारूरहून बाईंची थोरली बहीण बैलगाडीनं आली. उंबऱ्यातूनच तिनं हाक मारली, “ठके! अगं ठके!”

गोविंदरावांनी मला बाजूला नेलं. “वामनराव, ठकी कोण? मला शक हाय, मेव्हणी भलत्यालाच हाक मारती.”

बहिणीनं ते ऐकलं. “दाजी, वीस वरसं संसार केला, आन् बायकोचं नाव म्हाईत न्हाई?”

“सत्यभामा.”

“ते तुमी ठेवलेलं. आमी दिलेलं कदी इचारलंत?”

चष्मा काढून गोविंदरावांनी तो धोतरानं पुसला आणि हातातच ठेवला.

बहिणीनं पुन्हा हाक मारली. बाईंनी डोळे अर्धवट उघडले. बहिणीनं पाण्याची पळी पुढे करताच मात्र तोंड फिरवलं. “आबा कुटं हायत?” त्या म्हणाल्या. “आबा देतील तवा पिईन.”

आबा म्हणजे त्यांचे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. बहिणीनं पदर तोंडाला लावला.

गोविंदरावांनी तिच्या हातातली पळी घेतली. वाकले. जरा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “ठके, मी आबा.”

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं. पहिला घोट गेला. दुसरा गेला.

“मला न्यायला आलात?”

“हां.” त्यांनी पळी पुन्हा भरली. “पर आदी पानी पी, माय. गाडी जुंपायला अजून लई येळ हाय.”