दुपट्ट्याखालचे मानसशास्त्र

गुलाब भेटला की रामराम करीत नसे. खांद्यावरचा दुपट्टा काढून तो तुमच्या उजव्या हातावर टाकायचा, आत आपला हात घालायचा आणि तुमची बोटे धरायचा.

"तोंडानं बोलू नको. माहं एक बोट दाबलं तं हाव, दोन दाबले तं नाई. सांग, तुले परीक्षेचं भेव वाटते का?"

मी दर वेळी एक बोट दाबत असे.

"पाय! तोंडानं इचारलं असतं तं खोटं बोलला असता. तोंड लबाड असते गड्या, बोट नाई."

गुलाबला जाऊन आता पाचवा महिना चालू आहे. त्याच्याविषयी लिहायला बसलो की आधी उजवा हातच पुढे होतो, मग सावकाश लेखणी.

वलगावात आमची घरे पाठीला पाठ लावून होती. त्यांची वाडी होती. वांगी, मेथी, झेंडू अमरावतीच्या बाजारात जायचा. वडील हंगामात शेंदूरजनाघाटला संत्र्याची दलाली करीत. तिथे बागेचा भाव चारचौघांत कोणी बोलत नसे. दोघे दुपट्ट्याखाली हात घालीत आणि बोटांनी सौदा करीत. वडिलांबरोबर हिंडून गुलाबने ही विद्या उचलली, आणि तिचा एक नियमही. "सौदा झाला का हात झटकन काढाचा. रेंगाळला तं समोरच्याले आपली गरज समजते." हा नियम त्याने मला पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता.

आम्ही मॅट्रिकच्या वर्गात असताना त्याचे वडील वारले. वर्षाच्या आत आई, आमच्या सखूकाकू, यांच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कोणी विचारले, "माय कशी आहे रे?" तर गुलाब म्हणायचा, "बरी हाय. सकायी माह्यावर लय रागावली." आम्ही हसायचो. जी बाई बोलत नाही ती रागावते कशी, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

त्याच सुमारास गुलाबने जाहीर केले की तो मनाचा डॉक्टर होणार. मॅट्रिक झाले की नागपूरला जायचे, कॉलेजात मानसशास्त्र घ्यायचे. मी संस्कृत घेणार होतो. "तुहं बरं हाय," तो म्हणायचा, "तुये पेशंट मरून हजार वर्सं झाले."

तयारीसाठी त्याने अकोल्याच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून मनावरचे एक जाड इंग्रजी पुस्तक आणले. स्मरण, लक्ष, सवय ही प्रकरणे धड होती. शेवटचे भावनांचे प्रकरण वाळवीने खाल्ले होते. नुसते मथळे उरले होते. त्यामुळे कोणी रडू लागले की गुलाब दुरूनच हात जोडायचा. "एवढं प्रकरण आपलं राह्यलं हाय. नागपूरले गेलो का करतो."

प्रयोगांना मात्र तो थांबला नाही. माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला मूर्तिजापूरची मंडळी आली. पोहे झाले, मुलाने मान खाली घालून "पसंत आहे" म्हटले. तेवढ्यात गुलाबने त्याच्या हातावर दुपट्टा टाकला. "बोला, खरं काय मनात हाय?"

मुलाने दोन बोटे दाबली.

"बोट नाई म्हनते!" गुलाब ओरडला. आत आईने डोळ्याला पदर लावला. वडील उठून उभे राहिले. मुलगा घाबरला. "अवो, पोरगी पसंत हाय! मी तं दोन बैल मांगतले!"

त्यांचा धंदा बैलांचा. दुपट्ट्याखाली हात गेला की मागायचे, एवढेच त्याला ठाऊक. वडील पुन्हा खाली बसले, तोच दुपट्टा ओढून आत हात घातला आणि एका बैलावर सौदा मिटवला. भाऊजींनी त्या बैलाचे नाव गुलाब ठेवले.

मॅट्रिक झाले. नागपूरच्या कॉलेजात मुलाखतीला आम्ही दोघे गेलो. चष्मेवाल्या प्रोफेसरांनी गुलाबला विचारले, "तुम्हाला मनाचा अभ्यास कशासाठी करायचा?" गुलाबने टेबलावरून दुपट्टा पुढे केला. मी दारातून हातानेच 'नको' खुणावले. पण प्रोफेसर सज्जन. त्यांनी हात घातला.

"मले घ्याचं मनात हाय का सायेब?"

प्रोफेसर छताकडे पाहून हसले. बाहेर आल्यावर गुलाब एक बोट वर धरून फाटकापर्यंत चालत गेला.

माय एकटी पडू नये म्हणून गुलाबची अकोल्याला दिलेली बहीण, सीताताई, येऊन राहणार होती. जायच्या दिवशी सकाळी स्टेशनावर नेणारी बैलांची दमणी दारात उभी होती. गुलाबची ट्रंक गाडीत चढली, गुलाब येईना. मी आत गेलो.

सखूकाकूंच्या बाजेशी तो बसला होता. त्यांचा डावा हात आणि त्याचा उजवा, दोन्ही दुपट्ट्याखाली. वलगावभर त्याने केलेल्या प्रयोगांचे मूळ मला तेव्हा कळले.

"चाल ना," मी म्हटले. "गाडी चुकेल."

"मायले इचारलं, जाऊ का?"

"मग?"

"एक बोट दाबलं. जाय म्हनते."

"मग ऊठ की. सीताताई आहे ना इथे?"

"ताई तिले तोंडानं इचारते," तो म्हणाला. मग दुपट्ट्याकडे पाहत, अगदी हळू, "हाव म्हनून किती येळ झाला. अजून हात नाई काढला न तिनं."

सखूकाकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

मी ट्रंक उतरवली. निघताना गुलाबने पुस्तक माझ्या हातात दिले. "तिथं धड प्रत असन. भावनांचं प्रकरण तेवढं उतरून धाड."

नागपूरच्या ग्रंथालयात ती प्रत सापडली. प्रकरण अकरा पानांचे होते. तीन रविवार बसून, शक्य तितके मराठी करून, मी ते उतरवले आणि पाठवले. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आले. वर वांग्यांची खबर, सीताताई परत गेल्याची खबर. खाली शेवटी दोन ओळी, अजून वाचता येतात:

"पानं भेटली. सायबानं बरं लिवलं हाय. पन त्याची माय बोलत असन."